भस्मासुर नव्हे, टाकून दिलेलं पोर

महोदय,

कृत्रिम बुद्धिमत्तेवर काही लिहायचं झालं की 'फ्रँकेन्स्टाइनचा भस्मासुर' हमखास येतो. मला ही तुलना पटत नाही. भस्मासुर वर मिळताच देणाऱ्यावर उलटला. मेरी शेलीच्या १८१८ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीतला, माणसाने घडवलेला जीव जन्मतः निरुपद्रवी आहे. (फ्रँकेन्स्टाइन हे नावही त्याचं नव्हे, निर्मात्याचं, त्या बिचाऱ्याचं बारसंच झालेलं नाही.)

हा निर्माता, व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन, दोन वर्षं झपाटल्यासारखा राबतो आणि त्या जीवाने डोळे उघडताच किळस येऊन खोलीबाहेर पळतो. पुढे हा जीव लपूनछपून भाषा शिकतो, मिल्टन या इंग्रज कवीचं महाकाव्य वाचतो, एका गरीब कुटुंबासाठी रात्री सरपण आणून ठेवतो. त्या कुटुंबातले आंधळे डी लेसी त्याच्याशी मायेने बोलतात. त्यांचा डोळस मुलगा फेलिक्स काठीने झोडपतो. सूड त्यानंतरचा.

व्हिक्टरची महत्त्वाकांक्षा मला तितकीशी खटकत नाही, खटकतं ते पळून जाणं. पोरकेपण लेखिकेने स्वतः अनुभवलं होतं: तिची आई तिच्या जन्मानंतर काही दिवसांतच वारली होती आणि तिची स्वतःची पहिली मुलगीही १८१५ मध्ये तान्ही असतानाच गेली. निदान कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या अग्रलेखांत तरी निर्माता कोण आणि निर्मिती कोण, याची गल्लत होऊ नये.

– एक वाचक, सातारा