खळ्यातली जीप मी नेली आहे

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

चोपड्याचं लग्न आटोपून तुम्ही घरी याल, बाबा सवयीने आधी खळ्याकडे बघतील आणि शेडखाली जीप दिसणार नाही. घाबरू नका. भंगारवाल्याने नेलेली नाही, मी नेली आहे. त्याचा दोन हजारांचा बयाणा मी काल त्याच्या हातात परत दिला आणि मोजून घ्यायला लावला. आज सकाळी टेम्पो बोलावून बॉडी आणि चासी धुळ्याला डेंटरकडे पाठवली. तुम्हाला न विचारता केलं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि तुम्ही नाही म्हटल्यावर ती हलवायचं बळ माझ्यात नव्हतं. म्हणून लग्नाचा मुहूर्त साधला. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. दादाला मी कालच फोनवर सांगितलं, पण ठरवलं मी एकटीनेच.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "लोखंड आहे ते, किती दिवस सांभाळायचं, जाऊ दे." मी ऐकून घेतलं. पण परवा गुदामात बारदानं उचलली आणि कोपऱ्यातलं जुनं पेट्रोल इंजिन बघितलं. ते उतरवून जीपला डिझेल इंजिन बसवल्याला पंचवीस वर्षं तरी झाली. मला वाटलं होतं, दगड झालं असेल. बाहेरून हात लावला तर बोटांना ग्रीस लागलं, आणि ग्रीस ताजं होतं. प्लग पाना न लावता हाताने सुटले, आत बोट घातलं तर तेल. मग मी फ्लायव्हील दोन्ही हातांनी ढकललं. बाबा, ते फिरलं. जड, पण कुठेही न अडकता. मी तिथेच बारदानावर बसून राहिले. इतकी वर्षं त्या प्लगच्या भोकांतून तेल कोण सोडत होतं, हे मला कोणी सांगायची गरज नाही. त्याच क्षणी मी भंगारवाल्याला फोन लावला.

खरं सांगायचं तर हे सगळं दिवाळीपासून मनात आहे. तुमच्या छातीत दुखलं त्या रात्री दादा सुरतेहून मिळेल त्या गाडीने अमळनेरला उतरला. मी नाशिकहून तिसऱ्या दिवशी पोचले. ऑफिसचं काम होतं हे खोटं नाही, पण नाशिक ते अमळनेर म्हणजे काही परदेश नाही. मी आले तेव्हा तुमचे दोन स्टेंट बसून झाले होते आणि तुम्ही मलाच विचारलंत, "जेवलीस का?" ते मला अजून घशाखाली उतरत नाही. आणि त्यानंतर तुम्ही जे खाटेवर बसलात ते बसलातच. शेत बटाईने दिलं, बैल विकले, आता जीप. एकेक वस्तू हातावेगळी करत चाललात, ते बघून मला फार भीती वाटते, बाबा.

आता माझी बाजू ऐका. ही गाडी जोडायचीच आहे. महिंद्रने चाळीसच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या विलीज कंपनीकडून सुटे भाग मागवून मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली. आपल्या सीजे-३बी मॉडेलची जातच ती: सगळं नटबोल्टवर, सगळं उघडता येणारं. पुढच्या-मागच्या चाकांत ८० इंचांचं अंतर, चार सिलिंडर, २.२ लिटरचं इंजिन. आजोबांनी लिलावात घेतली ती १९६५ची, म्हणजे पन्नाशी कधीच ओलांडली. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले आहेत. पन्नास वर्षांवरची आणि मूळ स्वरूपातली गाडी असेल तर व्हिंटेज म्हणून नोंद होते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, आणि आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आपला तीन अक्षरांचा नंबर जाणार नाही. फक्त अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर न्यायची. आई, म्हणजे बाबा ती घेऊन बाजाराला निघतील ही काळजी तुला नको.

"मूळ स्वरूप" म्हणजे डिझेल इंजिन काढावं लागणार. आई, इथे मला फार जपून लिहायचं आहे. ते इंजिन कशातून आलं ते मला माहीत आहे आणि तुझ्या पाटल्यांचा विषय मी कधीच काढणार नाही. त्या इंजिनाने कापूस जिनिंगला पोचवला, त्यावर दादाचं आयटीआय झालं, माझं पुण्याचं हॉस्टेल झालं. ते मी विकणार नाही, भंगारात तर नाहीच नाही. टेम्पो यायच्या आधी उतरवून, पुसून, ताडपत्रीत बांधून गुदामात ठेवलं आहे, तुझ्या कोठीशेजारी. ते तुझं आहे. तू म्हणशील तसं त्याचं होईल.

काम कसं होणार तेही सांगते, म्हणजे घरात धूळ येईल हा धसका राहणार नाही. पत्रा कापणं, वेल्डिंग, रंग, सगळं धुळ्याला. खाली पार चाळणी झाली होती. ड्रायव्हरच्या सीटखाली टाकी बसते तिथे चिखल साचून साचून पाय ठेवायला जागा उरली नव्हती. डेंटर म्हणाला, लांबी म्हणजे पुट्टी भरून रंग मारला तर दोन पावसाळ्यांत पुन्हा फुगेल. कुजलेलं सगळं कापून अठरा गेजचा नवा पत्रा बसवू, वर रेड ऑक्साइड, मग रंग. मी हो म्हटलं. रंग तोच, आजोबांचा हिरवा. डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला तो अजून जसाच्या तसा आहे, तो दाखवून जुळवायला सांगितलं आहे.

पेट्रोल इंजिन मात्र मी नेलं नाही. ते तुमचं, बाबा. ओसरीत टेबल लावलं आहे, वर पंखा, बाजूला खुर्ची, उशीसकट. कार्बोरेटर काढून टेबलावर ठेवला आहे, जेट साफ करायचे आहेत. डायनॅमोही तिथेच आहे. या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. आमच्या नाशिकच्या मिस्त्रीने असं इंजिन हाताळलेलं नाही. तुम्ही डोळे मिटून उघडलेलं आहे. व्हॉल्व्हची ग्राइंडिंग पेस्ट, गॅस्केट, जे लागेल ते मला सांगा, मी पाठवते. दर दुसऱ्या शनिवारी मी येणार. दादा महिन्यातून एकदा सुरतेहून येईल, पोरांना घेऊन. खर्च आम्ही दोघं निम्मा निम्मा करतो आहोत. तुमच्या पेन्शनमधला रुपया घेणार नाही, पासबुक काढू नका.

आई, टपाचं कापड तू शिवशील का? मशीनला नवी मोटर बसवून देते. जाड ताडपत्री तिला झेपली नाही तर सीटची कव्हरं शीव आणि टप अमळनेरच्या कारागिराला देऊ. तुझे बिबडे-कुरडया वाळत घालायची गच्ची कोणी वापरणार नाही, शपथ. खळ्यात जी जागा मोकळी झाली तिथे आत्ता तुझी खाट टाक, पहाटे तिथे वारा छान येतो.

मला सखाराम महाराजांच्या यात्रेची ती रात्र आठवते. बोरी नदीच्या वाळूत जीप उभी, काच पुढे बोनेटवर पाडलेली, तू कळण्याची भाकरी आणि ठेचा सोडलेला, आजी हाक मारायची, "चाल वं पोरी, बठ." येताना वारा लागायचा म्हणून बाबा त्यांचा रुमाल माझ्या कानांवरून बांधायचे आणि मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला द्यायचे. मला खरंच वाटायचं की गाडी मी चालवते आहे. त्या रुमालाला तंबाखू, पेट्रोल आणि बाबांचा घाम असा वास होता. काल गुदामात तोच वास आला. बाबा, मी चाळिशीची झाले, तरी त्या वासाला मी सात वर्षांची होते.

आता पुढचं नीट वाचा आणि पाळा. बाबा, काहीही उचलायचं नाही. इंजिनाचं हेडसुद्धा नाही, शेजारच्या पोराला हाक मारायची. तुमच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, गंजलेल्या पत्र्याने कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही. हातमोजे टेबलाच्या खणात आहेत, ते घालायचे. धनुर्वाताचं इंजेक्शन या आठवड्यात घ्या, तुम्हाला ते कधी दिलं होतं कोणालाच आठवत नाही. पेट्रोलची टाकी मागच्या भिंतीशी आहे, रिकामी दिसली तरी तिच्याजवळ बिडी-काडी न्यायची नाही आणि कोणाला वेल्डिंग करू द्यायचं नाही, आत वाफ राहते. गाडी धुळ्याहून परत आली की ब्रेकचे ड्रम मी येईपर्यंत उघडायचे नाहीत, आणि आतली धूळ फुंकून उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. जुना रंग कोरडा घासायचा नाही, त्यात शिसं असू शकतं, घरात लहान पोरं येणार आहेत. दुपारी अकरा ते चार काम बंद, कूलर लावून पडायचं. आपल्याकडचं ऊन उन्हाळ्यात ४४-४५पर्यंत जातं. आई, दुपारी कानावर ठोकाठोकीचा आवाज आला तर मला फोन करायचा, बाबांना पाठीशी घालायचं नाही. गोळ्यांच्या डबीवर सोम-मंगळ लिहून ठेवलं आहे. पाय सुजले तर "बघू दोन दिवस" म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

हे कडक लिहिलं गेलं. पण दिवाळीसारखी तिसऱ्या दिवशी पोचायची पाळी माझ्यावर पुन्हा येऊ नये, म्हणून लिहिलं.

पुढच्या आखाजीला मी माहेरी येईन तेव्हा ती आपल्या खळ्यात सुरू व्हावी असं मनात आहे. रस्त्यावर नाही, कागद झाल्याशिवाय फाटकाबाहेर काढायची नाही. खळ्यातच एक फेरी, झोक्याच्या लिंबापर्यंत आणि परत. नाही जमली त्या आखाजीला तर त्याच्या पुढच्या. घाई नाही.

फ्रीजमध्ये भरीत आहे, आजच्या आज संपवा. गाडीची किल्ली मी नेलेली नाही. देवघरात आजोबांच्या फोटोमागे, बाबा ठेवतात तिथेच आहे.

तुमची लेक