पऱ्हाटी उभी आहे तोवर बोंडअळी जाणार नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संक्रांत होऊन गेली तरी आमच्या चोपडा तालुक्यात शिवारोशिवार पऱ्हाटी, म्हणजे वेचणी झालेली कापसाची झाडे, उभी आहे. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांनी ठिबक पुन्हा सुरू केले, झाडांना नवी पालवी फुटली, पात्या म्हणजे कळ्या लागल्या. आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात फरदडीवर, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस राखून आणखी बोंडे घेण्यावर, बातमी आली होती. शेवटच्या वेचणीनंतरही शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतात, असा तिचा सूर होता. ते खरेच आहे. पण ते चार पैसे पुढच्या हंगामात बोंडअळीच्या रूपाने कोण फेडतो, हे बातमीत नव्हते. म्हणून हे पत्र.

मी कीटकशास्त्रज्ञ. नोकरीची सगळी वर्षे कोकणात काजूच्या बागांत गेली. निवृत्तीनंतर माहेरच्या गावी येऊन राहिले. शेती भाचा बघतो, मी बांधावरून फिरते. गावात मला विचारतात, "ताई, आपल्या खानदेशात काजूचं एक झाड नाही, तुम्हाला कापसाचं काय कळतं?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

काजूला दोन मोठ्या किडी. एक ढेकण्या. तो कोवळ्या पालवीतला आणि मोहोरातला रस शोषतो आणि मोहोर जाळल्यासारखा काळा पडतो. दुसरा रोठा, म्हणजे खोड आणि मुळे पोखरणारी अळी. ढेकण्याने एक हंगाम जातो, रोठ्याने झाडच जाते. माझे काम जास्त करून रोठ्यावर झाले. रोठ्याचा भुंगा बुंध्याच्या भेगांमध्ये, जमिनीपासून मीटरभर उंचीच्या आत अंडी घालतो. अळी सालीखाली शिरते आणि आतला जिवंत भाग खात खोडाभोवती फिरते. बाहेर दिसतो तो चिमूटभर भुसा आणि थोडा डिंक. पाने पिवळी पडून मालकाच्या लक्षात येते तेव्हा झाडाचा अन्नरस तुटलेला असतो. लवकर कळले तर पटाशीने साल उचलून तारेच्या आकड्याने अळी ओढून काढता येते. बागेत काम करणाऱ्या बाया हे इतक्या सफाईने करायच्या की शिकलेल्या माणसाने बघत राहावे. भुशाच्या रंगावरून अळी आत आहे की निघून गेली हे त्या सांगत, आणि माझ्या नोंदवहीतली कित्येक निरीक्षणे मुळात त्यांचीच आहेत.

पण उशीर झाला की झाड वाचत नाही. मग ते मुळासकट उपटून बागेबाहेर न्यायचे आणि नष्ट करायचे, एवढाच उपाय उरतो. कारण त्या मरत्या झाडातूनच पुढचे भुंगे निघतात आणि शेजारच्या निरोगी बुंध्यांवर जाऊन बसतात. काजूच्या रोठ्यावर औषधे पुष्कळ तपासली गेली, पण मेलेली आणि मरू घातलेली झाडे बागेतून काढणे हीच शिफारस आजही पहिली आहे. आणि सगळ्यात जास्त विरोध मला तिथेच झाला. झाडावर अजून बिया आहेत, या वर्षीचे पीक तरी घेऊ दे, पुढच्या वर्षी तोडतो, हे मी कोकणात गावोगाव ऐकले. आता तेच गावी ऐकते. गेल्या महिन्यात शेजारचा शेतकरी म्हणाला, "ताई, झाडवर बोंडं शेतस, उपटाना जीव व्हस नही." (झाडावर बोंडे आहेत, उपटायला जीव होत नाही.)

त्याचा जीव का होत नाही हे मला समजते. पावसाने पहिली बोंडे सडवली, भाव पडलेला, मजुरी वाढलेली. जे हिरवे दिसते ते सोडवत नाही. त्याला आळशी किंवा अडाणी ठरवून काहीही साधणार नाही.

एक परदेशातले उदाहरण देते. कॅलिफोर्नियात बदाम, पिस्ता आणि अक्रोड या तिन्हींना त्रास देणारी एक अळी आहे. तिचे नाव नेव्हल ऑरेंजवर्म. ती तिथे १९४२ मध्ये पोहोचली. तिच्यावरचे संशोधन मी नोकरीत असल्यापासून वाचत आले, कारण कवचाच्या फळांतली कीड म्हणून तो विषय मला जवळचा होता. बदामाचे वरचे साल उकलले की अळी आत जाते. एकदा आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिने पोखरलेल्या बदामात बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होण्याचा धोका असतो, त्यामुळे प्रश्न नुसत्या किडक्या दाण्याचा राहत नाही. तिथल्या शास्त्रज्ञांनी पिढ्यान् पिढ्या या एका अळीच्या मागे घालवल्या. परजीवी गांधीलमाश्या आणल्या, मादीच्या वासासारख्या कामगंधाने नर पतंगांना चकवण्याची पद्धत बसवली. तरीही सगळ्याचा पाया काय ठरला? हिवाळ्यात बाग झाडून घेणे. काढणीनंतर फांद्यांवर जे सुकलेले बदाम चिकटून राहतात त्यांना तिथे 'ममी' म्हणतात. अळी हिवाळा त्यांच्यात काढते. म्हणून फेब्रुवारी उजाडण्याआधी झाडामागे सरासरी दोनपेक्षा जास्त ममी राहता कामा नयेत, असा दंडक आहे. झाड हलवणारी यंत्रे फिरतात, मागून मजूर लांब काठ्यांनी उरलेले बदाम पाडतात, आणि मार्चच्या मध्याआधी जमिनीवर पडलेल्यांचा यंत्राने चुरा करतात. त्या वेळी झाडावर पीक नसते, बाजारात काही विकायचे नसते. तरी हा खर्च करतात.

आता आपल्या कापसाकडे येते. गुलाबी बोंडअळी ही काही परदेशातून आलेली पाहुणी नव्हे. शास्त्राने तिची पहिली नोंद घेतली ती १८४३ मध्ये, गुजरातेतल्या भडोचकडच्या कापसावरून. तीही बोंडात शिरली की फवाऱ्याच्या हाती लागत नाही. फुलात असली तर पाकळ्या आवळून डोमकळी होते, ती निदान दिसते. हिरव्या बोंडात असली तर बोंड फोडल्याशिवाय कळत नाही. हंगाम संपत आला, थंडी पडली की शेवटच्या पिढीच्या अळ्या सुप्तावस्थेत जातात. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत पडून राहतात, नाहीतर किडक्या बोंडात, नाहीतर पालापाचोळ्यात. काही महिने अशा राहतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, वळवाच्या पावसाच्या सुमारास पतंग होऊन बाहेर येतात. त्या वेळी शिवारात कापसाला पाती-फुले नसतील तर हे पतंग अंडी घालायला जागा न मिळता मरतात. पतंगाचे आयुष्य साधारण दोन आठवड्यांचे. आपल्या हातात निसर्गाने दिलेले एवढे एकच फुकटचे हत्यार आहे, आणि ते आपण वापरत नाही.

फरदड ठेवली की थंडीतही अळीला ताजे खाद्य मिळते आणि आणखी एक-दोन पिढ्या वाढतात. उपटलेल्या पऱ्हाटीचे भारे सरपण म्हणून बांधावर रचले की किडकी बोंडे तशीच त्यांच्यावर राहतात. आणि भावाची वाट बघत घरात कापूस भरून ठेवला की अळी घरात मुक्कामाला येते. २०२३ मध्ये खानदेशात किती घरांतून माणसांनी ओसरीवर झोपून आतल्या खोल्यांत कापूस ठेवला होता! अंगाला खाज सुटल्याच्या तक्रारी सगळ्यांनी केल्या, पण त्या ढिगातून मेमध्ये उडणाऱ्या बारीक तपकिरी पतंगांकडे कुणी पाहिले नाही.

बीटी, म्हणजे अळीला मारक जनुक घातलेला कापूस, आहे, मग भीती कशाला, असे आपण मानून चाललो. बीटी कापूस आपल्याकडे २००२ मध्ये आला, दोन जनुकांचे बीजी-२ २००६ मध्ये. २०१० पर्यंत गुजरातेत या अळीने पहिल्या जनुकाला दाद देणे सोडले होते, पुढे काही वर्षांत बीजी-२ लाही. बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधे बियाणे यायचे ते शेताच्या कडेने लावायचे होते, म्हणजे प्रतिकारशक्ती नसलेल्या अळ्याही टिकून राहिल्या असत्या आणि प्रतिकार लवकर पसरला नसता. बहुतेकांनी ते लावलेच नाही. त्यात आपले संकरित वाण लांब मुदतीचे. २०१७ मध्ये महाराष्ट्रात या अळीने कापसाचे काय केले ते सगळ्यांना आठवते. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या किडीपर्यंत फवारा पोहोचत नाही तिच्या धास्तीने माणसे औषधांच्या धुक्यात उभी राहतात, हे मला सहन होत नाही. हे पत्र लिहिण्यामागे सगळ्यात मोठे कारण तेच आहे.

ही अळी जात नाही असे कुणी म्हणू नये. अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. तिथे बीटी होते, कामगंध होता, किरणोत्साराने वंध्य केलेले पतंग विमानातून सोडत होते, आणि पऱ्हाटी ठरलेल्या तारखेच्या आत नांगरून गाडण्याची सक्ती होती. हे वंध्य पतंग ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरातल्या एका केंद्रात वाढवत. बोंडअळी संपल्यावर त्याच केंद्रात बदाम-पिस्त्याच्या त्या अळीचे पतंग वाढवायचे काम सुरू झाले. हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. माझ्या बागा आणि माझ्या माहेरचा कापूस एकाच इमारतीत भेटल्यासारखे झाले.

विमाने आणि वंध्य पतंग आपल्याकडे उद्या येणार नाहीत. पऱ्हाटी काढणे मात्र आजही जमते.

इथे खानदेशातल्या एका वादाबद्दल बोलले पाहिजे. ठिबकवर मेमध्ये लावलेला पूर्वहंगामी कापूस हे आपले वैशिष्ट्य. कृषी विभाग गेली काही वर्षे जूनच्या आधी कापसाची लागवड होऊ नये असा प्रयत्न करतो, आणि त्यावर आपल्याकडे दरवर्षी नाराजी होते. शास्त्र कृषी विभागाच्या बाजूने आहे: लवकर आलेल्या पात्यांवर पहिले पतंग पोसले जातात. पण मेमध्ये लावून नोव्हेंबरात शेत मोकळे करणारा आणि तिथे हरभरा किंवा मका घेणारा शेतकरी थंडीतली साखळी तोडतो, हेही तितकेच खरे. सगळ्यात वाईट म्हणजे एकाच शिवारात दोन्ही असणे: एकाची फरदड मार्चपर्यंत, दुसऱ्याची लागवड मेमध्ये. माझ्या मते लागवडीच्या तारखेवर जेवढा जोर दिला जातो त्याहून जास्त जोर पऱ्हाटी काढण्याच्या तारखेवर हवा. आणि तारीख सगळ्या शिवाराची एक हवी. पतंग बांध ओळखत नाही. एका काजूमालकाने रोगट झाडे काढली आणि शेजाऱ्याने ठेवली, तर पहिल्याचा खर्च वाया जाताना मी पाहिला आहे.

त्यासाठी फुकट उपदेश नको, सोय हवी. चिमट्याने पऱ्हाटी उपटायला लागणारी मजुरी छोट्या शेतकऱ्याला जड जाते, म्हणून तो टाळतो. गावोगावच्या विकास सोसायट्यांनी किंवा शेतकरी कंपन्यांनी पऱ्हाटीची कुट्टी करणारी श्रेडर यंत्रे डिसेंबरात भाड्याने, कमी दरात फिरवली तर पऱ्हाटी जागच्या जागी चुरून जमिनीत जाईल, खतही होईल. जिनिंगवाल्यांनी आवारात कामगंध सापळे लावावेत आणि सरकीचा कचरा उन्हाळ्यापर्यंत पडू देऊ नये. फरदडीला पाणी देणाऱ्यांना एवढेच सांगते की त्याच पाण्यावर उन्हाळी मूग किंवा भुईमूग होतो.

आणि एक मागणी माझ्या व्यवसायाची. कीड कळायला एका माणसाला एकाच भागात वर्षानुवर्षे राहावे लागते. रोठ्याचा भुंगा कोणत्या बागेत केव्हा निघतो हे मला कळू लागले ते बरीच वर्षे त्याच बुंध्यांपुढे बसल्यावर. मी निवृत्त झाल्यावर ती जागा दीर्घकाळ रिकामी राहिली आणि बागांमधल्या नोंदी तिथेच थांबल्या. कापसाचे तसे होऊ नये. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत निदान एकेक कीटकशास्त्रज्ञ फक्त बोंडअळीसाठी नेमावा आणि त्याची बदली करू नये.

शेवटी आपल्याला एक विनंती. आपल्या दैनिकात रोज कापसाचा भाव छापून येतो आणि तो प्रत्येक शेतकरी वाचतो. त्या चौकटीशेजारी जुलैपासून आठवड्यातून एकदा तालुकावार सापळ्यांतल्या पतंगांची संख्या छापावी. हेक्टरी पाच सापळे, आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग आले की उपाय करायची वेळ झाली, हा साधा हिशेब आहे. भाच्याच्या शेतात मी सापळे लावतेच. त्यांचे आकडे दर सोमवारी आपल्या चोपडा प्रतिनिधींकडे द्यायला मी तयार आहे. बाकीच्या तालुक्यांतही असे कुणी ना कुणी मिळेल.

आपली नम्र,
एक निवृत्त कीटकशास्त्रज्ञ
ता. चोपडा, जि. जळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)