प्रकरणवार पान क्रमांक हाताने टाइप करून दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
डीटीपी व दस्तऐवज मांडणी सेवा,
नाशिक

विषय : ब्लोअरच्या माहितीपुस्तिकेच्या वर्ड फाइलमधील सदोष पान क्रमांक

महोदय,

आमच्या अंबडच्या कारखान्यात द्राक्षबागेच्या फवारणीसाठी ट्रॅक्टरवर चालणारे ब्लोअर तयार होतात. त्यांच्या मराठी माहितीपुस्तिकेची वर्ड फाइल आपण करून दिलीत. कोटेशनमध्ये ‘ऑटोमॅटिक चॅप्टर-पेज नंबरिंग’ (म्हणजे ५-२, पाचव्या प्रकरणाचे दुसरे पान, असे आपोआप पडणारे क्रमांक) अशी स्वतंत्र ओळ होती आणि त्याचे पैसेही स्वतंत्र लावले होते. ते काम झालेलेच नाही. पानांच्या तळाशी आकडे दिसतात एवढेच.

त्यामुळे काय झाले ते आधी सांगते. गेल्या हंगामात गोडी (ऑक्टोबर) छाटणीनंतर पिंपळगाव बसवंतहून एका बागायतदाराचा फोन आला. ब्लोअरचा दाब चढत नव्हता. रात्री पाऊस होऊन गेलेला, पाने ओली, डाऊनी रोगाची धास्ती. अशा सकाळी फवारणी अडली की बागेवाल्याची काय अवस्था होते, हे नाशिकमध्ये कुणाला सांगायला नको. आमच्या मेकॅनिकने फोनवरच सांगितले, ‘‘दादा, पुस्तिकेत पान ५-२ काढा. पंपाच्या डायफ्रॅमची (पडद्याची) आकृती आहे, तसा पंप खोला.’’ तिकडून उत्तर आले, ‘‘अहो, ५-२ वर नोझलचा तक्ता आहे.’’ दोघेही खरे बोलत होते, कारण आपल्या पुस्तिकेत ५-२ हे पान दोनदा आहे. फोनवर बराच वेळ गोंधळ चालला आणि शेवटी मेकॅनिकला गाडी काढून पिंपळगावला जावे लागले.

मी फाइल उघडून पाहिली. पाचव्या प्रकरणात पंपाच्या सुट्या भागांचे एक आडवे पान आहे. मधले एकच पान आडवे करायचे तर त्याच्या आधी आणि नंतर सेक्शन ब्रेक (फाइलचे वेगळे भाग पाडणाऱ्या खुणा) द्यावे लागतात, ते आपण दिलेत. पण नंतरच्या सेक्शनला ‘कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन’ ठेवायचे, तिथे ‘स्टार्ट ॲट’ १ करून ठेवले. त्यामुळे आडवे पान संपले की ५-१, ५-२ पुन्हा सुरू.

एवढेच असते तर मी फोनवर सांगून मोकळी झाले असते. पण प्रत्येक सेक्शनच्या फूटरमध्ये (पानाच्या तळच्या ओळीत) ‘३-’, ‘४-’ असा प्रकरणाचा आकडा आपल्या माणसाने हाताने टाइप केला आहे आणि त्याच्यापुढे फक्त पानाचे फील्ड (आपोआप बदलणारा आकडा) टाकले आहे. प्रकरणांची शीर्षके म्हणजे ठळक केलेला मोठा मजकूर. हेडिंग १ ही स्टाइल एकाही शीर्षकाला नाही. शीर्षकांची यादी दाखवणारे नॅव्हिगेशन पेन रिकामे दिसते. अनुक्रमणिका तर अख्खी हाताने टाइप केली आहे, आणि दुसरा इलाजही नव्हता, कारण हेडिंग स्टाइल नसल्यावर वर्ड अनुक्रमणिका कशाची करणार? शीर्षकांना स्टाइल दिली असती तरी फूटरमध्ये टाइप केलेला ‘३-’ अनुक्रमणिकेत आला नसता, ३-५ च्या जागी नुसता ५ आला असता. नवीन प्रकरण नवीन पानावर यावे म्हणून काही ठिकाणी पुन्हा पुन्हा एंटर मारले आहेत. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाँट जरा बदलला की ही पाने सरकतात. काही प्रकरणांत आकडे देवनागरी, काहींत इंग्रजी, हेही हाताने टाइप केल्याचेच फळ.

आपल्या ऑफिसमध्ये मी हे सगळे सांगितले तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘मॅडम, नंबर तर दिसतायत ना? आमच्या कॉम्प्युटरवर बरोबर आहे.’’ या उत्तराचे मला फार वाईट वाटले. आम्ही १ पासून शेवटपर्यंत सरळ पान क्रमांक का मागितले नाहीत, याचा विचारच कुणी केलेला दिसत नाही. पुस्तिका आम्ही रिंग फाइलमध्ये देतो. पंप बदलला की फक्त पाचव्या प्रकरणाची पाने नवी छापायची आणि डीलरने जुनी काढून ती लावायची. बाकीच्या प्रकरणांचे क्रमांक जागचे हलत नाहीत. यंत्रांच्या पुस्तिकांत ३-५, ४-२ असे क्रमांक असतात ते याचसाठी. निफाड, दिंडोरीच्या डीलरकडचा माणूस आणि आमचा मेकॅनिक त्या क्रमांकावरच एकमेकांशी बोलतात. तोच चुकला तर आकृत्या कितीही सुबक असोत, त्यांचा उपयोग नाही.

आपण एकदा दुरुस्ती करून दिलीत, ती ‘स्टार्ट ॲट’मधला १ खोडून त्या जागी हाताने नवा आकडा टाइप करून. पुढे आम्ही फिल्टर साफ करण्याचे एक पान त्या प्रकरणात घातले आणि त्यामागचे सगळे आकडे परत चुकले. ‘पान ५-६ पाहा’ असे जिथे जिथे लिहिले आहे, ते तर आधीही चुकीचे होते आणि आताही आहे. दुरुस्ती म्हणून मला हे मान्य नाही.

हे काम वर्डमध्ये नीट होते. प्रकरणाच्या शीर्षकाला हेडिंग १ द्यावी, ती मल्टिलेव्हल लिस्टला (आपोआप प्रकरण क्रमांक देणाऱ्या यादीला) जोडावी, प्रकरणाआधी ‘नेक्स्ट पेज’ सेक्शन ब्रेक घ्यावा आणि पान क्रमांकाच्या फॉरमॅटमध्ये ‘इन्क्लूड चॅप्टर नंबर’ला टिक करावी. हे फॉरमॅट प्रत्येक सेक्शनला वेगळे द्यावे लागते, फूटर ‘लिंक टू प्रीव्हियस’ असला तरीही. किचकट आहे, मला ठाऊक आहे. म्हणून तर बाहेर पैसे देऊन करायला दिले. परिशिष्टाला अक्षरी क्रमांक हवा असल्यास त्याला वेगळी हेडिंग पातळी द्यावी आणि त्या सेक्शनमध्ये तीच निवडावी. ‘पान अमुक पाहा’ या जागी क्रॉस-रेफरन्स (मूळ पानाशी जोडलेले संदर्भ) टाकावेत.

माझी मागणी अशी की, संपूर्ण फाइल कोणतेही जादा पैसे न घेता या पद्धतीने पुन्हा तयार करून द्यावी, आणि चुकीच्या क्रमांकांमुळे रद्द कराव्या लागलेल्या प्रतींचा छपाईखर्च आपण सोसावा. ऑक्टोबर छाटणी सुरू होण्याआधी नव्या प्रती डीलरकडे पोचायला हव्यात, त्यामुळे छपाईपुरता वेळ हाताशी ठेवूनच फाइल द्यावी. जमणार नसेल तर तसे लेखी कळवावे आणि नंबरिंगचे घेतलेले पैसे परत करावेत, म्हणजे आम्ही दुसरी व्यवस्था करू.

फाइल आणाल तेव्हा आमच्या ऑफिसमध्ये, आमच्याच कॉम्प्युटरवर उघडायची. दुसऱ्या प्रकरणानंतर मी एक नवे प्रकरण घालीन आणि पूर्ण फाइल सिलेक्ट करून, फील्ड ताजी करणारे एफ ९ बटण दाबीन. अनुक्रमणिकेतला ३-१ आपोआप ४-१ झाला आणि मजकुरातले सगळे ‘पान पाहा’ त्याप्रमाणे बदलले, तरच बिलाची उरलेली रक्कम दिली जाईल.

आपली,
सेवा व माहितीपुस्तिका विभागप्रमुख,
ब्लोअर निर्मिती कारखाना,
अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक

सोबत : पाचव्या प्रकरणाच्या छापील पानांची प्रत (दोन्ही ५-२ पानांवर खूण केलेली), कोटेशनची प्रत