पुलमन आणि कॉर्व्हॅलिस मागे का राहिले?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमधली ‘पॅक-१२’ ही कॉन्फरन्स, म्हणजे बारा विद्यापीठांचा गट, फुटली आणि पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट व कॉर्व्हॅलिसचे ओरेगन स्टेट ही दोनच विद्यापीठे तिच्यात उरली, हे खेळ पाहणाऱ्यांना आता ठाऊक आहे. पण त्याबरोबर एक समजही पसरला आहे: ही दोघे खेळात कच्ची होती, म्हणून त्यांना कोणी घेतले नाही. तो समज खोडून काढावा म्हणून हे पत्र. कॉन्फरन्स फुटल्यावर सात आठवड्यांनी, २३ सप्टेंबर २०२३ रोजी, हेच दोन संघ पुलमनला एकमेकांशी खेळले. देशाच्या क्रमवारीत ओरेगन स्टेट तेव्हा १४ वा होता आणि वॉशिंग्टन स्टेट २१ वा. वॉशिंग्टन स्टेटने सामना ३८-३५ असा जिंकला. आदल्या मोसमात ओरेगन स्टेटने दहा सामने जिंकले होते आणि मोसमाअखेरच्या लास वेगास बोल या सामन्यात फ्लोरिडाला ३०-३ असे लोळवले होते. कच्चे संघ असे खेळत नाहीत.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांचे विभाग भारतीय विश्वविद्यालय संघ नकाशा पाहून पाडतो. पुण्याचे विद्यापीठ पश्चिम विभागात खेळते, कारण पुणे पश्चिमेला आहे. जास्त पैसे मिळतात म्हणून ते उद्या दक्षिण विभागात जाऊ शकत नाही. अमेरिकेत असे विभाग पाडून देणारे वर कोणी नाही. तिथे कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी आपापसांत केलेला करार: वेळापत्रक एकत्र, टीव्हीचे हक्क एकत्र विकायचे, आलेले पैसे वाटून घ्यायचे. पॅक-१२ चे मूळ २ डिसेंबर १९१५ ला पोर्टलंडमध्ये घातले गेले. पहिल्या चार सदस्यांत ओरेगन स्टेट होते (त्या वेळचे कृषी महाविद्यालय), आणि १९१७ मध्ये वॉशिंग्टन स्टेट आले. ती जुनी कॉन्फरन्स १९५९ मध्ये मोडली, तेव्हाही ही दोघे बाहेर राहिली होती. वॉशिंग्टन स्टेटला १९६२ मध्ये परत घेतले, ओरेगन स्टेटला १९६४ मध्ये. तेव्हाचा घाव भरला, कारण शेजारी शेजाऱ्याशीच खेळत होता आणि टीव्हीचा पैसा एवढा मोठा नव्हता.

या वेळी काय झाले ते क्रमाने सांगतो. पॅक-१२ चा टीव्ही करार २०११ मध्ये झाला होता आणि त्याची मुदत २०२४ च्या उन्हाळ्यात संपत होती. सदस्य आपले प्रसारणहक्क मुदतभरासाठी कॉन्फरन्सच्या नावे लिहून देतात. मध्येच कोणी निघून गेले तरी त्याच्या घरच्या सामन्यांचे हक्क जुन्या कॉन्फरन्सकडेच राहतात. सगळ्यांना धरून ठेवणारी दावण ती हीच. पॅक-१२ मध्ये बाराही जणांची दावण एकाच दिवशी सुटणार होती आणि त्यानंतर बाहेर पडायला दंडही नव्हता. ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए या दोन विद्यापीठांनी ‘बिग टेन’ या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जाण्याचे जाहीर केले. त्यांच्याबरोबर लॉस एंजेलिस, म्हणजे देशातली दुसऱ्या क्रमांकाची टीव्ही बाजारपेठ, गेली. ‘बिग १२’ या आणखी एका कॉन्फरन्सचा जुना करार २०२५ पर्यंत होता, तरी त्यांनी रांग मोडून ऑक्टोबर २०२२ मध्येच ईएसपीएन आणि फॉक्स या टीव्ही कंपन्यांशी सहा वर्षांचा २२८ कोटी डॉलरचा नवा करार केला. विद्यापीठामागे वर्षाला सरासरी ३ कोटी १७ लाख. पॅक-१२ बोलणी लांबवत राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या हातात आला तो ॲपलचा प्रस्ताव: सुरुवातीला विद्यापीठामागे अडीच कोटींच्या आतबाहेर, पुढचे पैसे वर्गणीदार किती मिळतात त्यावर. ४ ऑगस्टच्या सकाळी उरलेल्या नऊ जणांनी सह्या करायच्या होत्या. त्याच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन (‘स्टेट’ नसलेली, वेगळी विद्यापीठे) बिग टेनला गेले. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट व युटा बिग १२ ला. कोलोराडो आठवडाभर आधीच गेले होते. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ) हे अटलांटिक किनाऱ्याच्या ‘एसीसी’त गेले, तेही सात वर्षे टीव्हीच्या पैशाचा ३० टक्केच वाटा घेण्याच्या अटीवर.

नवा सदस्य घेताना टीव्ही कंपनी एकच गोष्ट विचारते: याच्या येण्याने किती जास्त घरांत सामना लागेल? पुलमन हे गव्हाच्या टेकड्यांतले गाव. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ३२,९०१, आणि स्टेडियमही जवळपास तेवढ्याच लोकांचे. सिॲटल तिथून साडेचारशे किलोमीटरवर. कॉर्व्हॅलिस थोडे मोठे, पण तेही गावच. यूजीन काही मोठे शहर नाही, तरी तिथल्या ओरेगन विद्यापीठाला घेतले, कारण नायकीचे संस्थापक फिल नाइट यांच्या पाठबळावर त्या संघाने देशभर प्रेक्षक उभा केला आहे. यूजीन ते कॉर्व्हॅलिस अंतर मोटारीने तासाभराचे. १८९४ पासून एकमेकांशी खेळणाऱ्या दोन संघांचे नशीब या एका तासावर वेगळे झाले. ओरेगन स्टेटने तर सुमारे १६ कोटी डॉलर घालून रीसर स्टेडियमची पश्चिम बाजू नव्याने बांधली होती. ती खुली झाली सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे कॉन्फरन्स फुटल्यावर महिन्याभरात.

यानंतर या दोघांनी जे केले ते कोणत्याही संस्थेच्या विश्वस्तांनी अभ्यासावे असे आहे. जाणारे दहा आणि राहणारे दोन, सगळे मिळून संचालक मंडळ. दहांनी मत दिले असते तर कॉन्फरन्सच बरखास्त करून तिची मालमत्ता बारांत वाटता आली असती. त्या मालमत्तेत पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेतली ‘युनिट’ मोठी होती. राष्ट्रीय स्पर्धेत संघ अंतिम सामन्याआधीचा जो प्रत्येक सामना खेळतो त्याचे एक युनिट मिळते. त्याचे पैसे सहा वर्षे हप्त्याने येतात आणि एकूण वीस लाख डॉलरच्या आसपास भरतात. हे पैसे कॉन्फरन्सच्या खात्यात जमा होतात, त्यामुळे मिळवणारा संघ निघून गेला तरी हप्ते मागेच राहतात. कॉन्फरन्सच्या घटनेत एक कलम होते: १ ऑगस्ट २०२४ पूर्वी जो बाहेर पडण्याची नोटीस देईल, त्याचा मंडळावरचा प्रतिनिधी राहणार नाही. यूएससी, यूसीएलए आणि पुढे कोलोराडो यांना कॉन्फरन्सने याच कलमाने बैठकांपासून दूर ठेवले होते. मग जाणाऱ्या बाकीच्यांना वेगळा न्याय का? सप्टेंबर २०२३ मध्ये बाराही जणांची बैठक बोलावली गेली, तेव्हा दोघांनी कोल्फॅक्सच्या व्हिटमन काउंटी न्यायालयात धाव घेतली. ११ सप्टेंबरला तात्पुरती मनाई मिळाली, १४ नोव्हेंबरला न्यायाधीशांनी मंडळाचा ताबा या दोघांकडे दिला आणि १५ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारास नकार दिला. पुढे झालेल्या तडजोडीत जाणाऱ्यांनी प्रत्येकी सुमारे ६५ लाख डॉलर सोडले. मराठी वाचकांना एक गोष्ट जवळची वाटेल. ओरेगन स्टेटच्या अध्यक्ष जयती मूर्ती या आयआयटी कानपूरच्या पदवीधर आहेत, आणि त्यांची एमएस पदवी वॉशिंग्टन स्टेटची आहे.

खटला जिंकला, तरी संघ हातातून गळतच राहिला. ओरेगन स्टेटचे प्रशिक्षक जोनाथन स्मिथ हे तिथलेच माजी क्वार्टरबॅक. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओरेगनविरुद्धचा सामना झाला आणि दुसऱ्याच दिवशी ते मिशिगन स्टेटला, म्हणजे बिग टेनमध्ये, गेल्याचे जाहीर झाले. प्रशिक्षक गेला की त्या वेळच्या नियमाने खेळाडूंना ट्रान्स्फर पोर्टलमध्ये (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) नाव घालायला ३० दिवस मिळत. त्या तीस दिवसांत मोठी विद्यापीठे तयार खेळाडू उचलत. वॉशिंग्टन स्टेटचा कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, पहिला निवडला गेला. हे सगळे फुटबॉलचे, आणि फुटबॉलची बातमी होते. मला जास्त लागले ते महिला बास्केटबॉलचे. मार्च २०२४ मध्ये ओरेगन स्टेटच्या मुली देशातल्या शेवटच्या आठांत पोचल्या होत्या, आणि हरल्या त्या अजिंक्य साउथ कॅरोलिनाकडून. महिन्याभरात संघ रिकामा झाला. रेगन बिअर्स ओक्लाहोमाला, टिमिया गार्डिनर यूसीएलएला, टालिया फॉन ओलहॉफेन यूएससीला. जे दोन निघून गेल्याने कॉन्फरन्स फुटायला सुरुवात झाली, त्यांनीच इथले खेळाडूही नेले. प्रशिक्षक स्कॉट रूक थांबले, नवा संघ बांधला आणि पुढच्याच वर्षी ‘वेस्ट कोस्ट कॉन्फरन्स’ची स्पर्धा जिंकून त्याला राष्ट्रीय स्पर्धेत नेले. बेसबॉल संघ २०२५ चा मोसम कोणत्याही कॉन्फरन्सविना, आठवडेच्या आठवडे परगावी खेळला आणि ओमाहाला होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम आठांपर्यंत गेला.

कॉन्फरन्स नसली की पहिली अडचण वेळापत्रकाची. फुटबॉलचे बारा सामने लागतात आणि मोठ्या संघांचे बाहेरचे सामने कित्येक वर्षे आधी ठरलेले असतात. २०२४ साठी दोघांनी मिळून ‘माउंटन वेस्ट’ या कॉन्फरन्सकडून बारा सामने घेतले, त्याचे १ कोटी ४० लाख डॉलर मोजले. एका सामन्याला जवळपास पावणेबारा लाख. २०२५ साठी तो करार पुन्हा झाला नाही, तेव्हा जागा भरायला दोघांना एकाच मोसमात एकमेकांशी दोनदा खेळावे लागले.

दुसरी अडचण संख्येची. वरच्या श्रेणीच्या फुटबॉल कॉन्फरन्सला किमान आठ पूर्ण सदस्य हवेत. कमी पडले तर दोन वर्षांची सवलत. म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये माउंटन वेस्टमधून बॉइसी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि युटा स्टेट अशी पाच घेतली. पुढे फुटबॉल न खेळणारे गोंझागा आले आणि जून २०२५ मध्ये फुटबॉल खेळणारे आठवे, टेक्सस स्टेट. १ जुलै २०२६ ही नव्या घडीची तारीख. पण आधीच्या वेळापत्रक-करारातच अट होती, की सदस्य फोडले तर पहिल्यासाठी १ कोटी आणि पुढे प्रत्येकामागे पाच लाख वाढवून दंड. पाच सदस्यांचे साडेपाच कोटी झाले, आणि ते प्रकरणही न्यायालयात गेले. इथे स्पष्ट लिहायला हवे. या दोघांबद्दल मला कितीही माया असली, तरी त्यांनी आपली सुटका करून घेताना वायोमिंग, न्यू मेक्सिको, नेव्हाडा यांना तसेच मागे टाकले. १९९६ मध्ये साउथवेस्ट कॉन्फरन्स संपली तेव्हा टेक्ससमधली ह्यूस्टन, राइस, एसएमयू, टीसीयू ही विद्यापीठे अशीच मागे राहिली होती. टीसीयू २०१२ मध्ये आणि ह्यूस्टन २०२३ मध्ये बिग १२ मध्ये पोचले. एसएमयू २०२४ मध्ये एसीसीत आले, ते नऊ वर्षे टीव्हीचा पैसा न घेण्याच्या अटीवर. राइस अजून बाहेरच आहे.

उपाय अवघड नाही: फुटबॉलचा करार वेगळा करा आणि बाकीचे खेळ जवळच्या शेजाऱ्यांत ठेवा. हे होऊ शकते याचा दाखला आहे. नॉर्दर्न इलिनॉयने २०२६ पासून फुटबॉल माउंटन वेस्टमध्ये आणि इतर खेळ घराजवळच्या होरायझन लीगमध्ये खेळायचे ठरवले आहे. कनेटिकटचे फुटबॉल स्वतंत्र आहे, बास्केटबॉल बिग ईस्टमध्ये. विमानाने चार हजार किलोमीटर जाऊन व्हॉलीबॉलचा सामना खेळायचा आणि सोमवारी प्रयोगशाळेत हजर व्हायचे, हा भार फुटबॉलच्या करारापायी स्टॅनफर्डच्या मुलींवर पडण्याचे काही कारण नाही. आणि प्रसारणहक्कांची मुदत सगळ्यांची एकदम संपू देऊ नये. ती टप्प्याटप्प्याने संपवावी.

जून २०२५ मध्ये एका वेगळ्या खटल्यात न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली, पहिल्या वर्षी विद्यापीठामागे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. हे खेळाडूंच्या हक्काचेच आहेत. पण टीव्हीचा मोठा हप्ता नसलेल्याने ते कुठून आणायचे? त्याच महिन्यात वॉशिंग्टन स्टेटने ॲथलेटिक्समधल्या उड्या आणि फेकी बंद केल्या. भर आता लांब पल्ल्याच्या धावण्यावर.

शेवटी, ज्या मराठी घरांतली मुले पोहणे, टेनिस, गोल्फ यांच्या जोरावर अमेरिकन विद्यापीठात जाऊ पाहतात त्यांच्यासाठी. प्रशिक्षकाला सहीआधी हे विचारा: कॉन्फरन्सचा टीव्ही करार कोणत्या वर्षी संपतो, स्कॉलरशिप एक वर्षाची की चार, या खेळात संघाची कमाल संख्या किती ठेवली आहे, मोसमात वर्गाचे किती दिवस प्रवासात जातात, आणि खेळच बंद झाला तर पदवी पूर्ण होईपर्यंत स्कॉलरशिप चालू राहील का. उत्तरे लेखी घ्या.

कळावे,
आपला,
एक वाचक
बीव्हर्टन, ओरेगन