निकालाच्या दिवसाची गर्दी अनपेक्षित कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी राज्य शिक्षण मंडळाचे संकेतस्थळ अडखळले की ‘एकाच वेळी अनपेक्षित गर्दी झाली’ असा खुलासा येतो आणि दुसऱ्या दिवशी विषय मागे पडतो. संगणक प्रणालींच्या भारचाचणीत, म्हणजे किती गर्दी त्या पेलतात हे तपासण्यात, नोकरीची बरीच वर्षे घालवल्यामुळे मला या खुलाशातील ‘अनपेक्षित’ हा शब्द खटकतो. परीक्षार्थींची नेमकी संख्या मंडळाला ठाऊक असते; निकालाची तारीख आणि दुपारी १ ही वेळही मंडळच जाहीर करते. इतकी आगाऊ वर्दी देऊन येणारी गर्दी आषाढी वारीखेरीज क्वचितच दुसरी असेल, आणि वारीची तयारी कोणी एकादशीच्या सकाळी सुरू करत नाही.

१६ जुलै २०२१ रोजी, करोनामुळे परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर लागलेला दहावीचा निकाल पाहू पाहणाऱ्यांना संकेतस्थळ कित्येक तास उघडता येईना. विद्यार्थी होते १५ लाखांहून अधिक. प्रत्येकाने पहिल्या १० मिनिटांत एकदाच प्रयत्न केला असे धरले, तरी सेकंदाला २,५०० मागण्या, म्हणजे पान उघडण्याच्या विनंत्या, येतात. एका मागणीला उत्तर द्यायला पाव सेकंद लागत असेल, तर कोणत्याही क्षणी प्रणालीत ६२५ मागण्या असतात. तोच वेळ ५ सेकंदांवर गेला की हा आकडा १२,५०० होतो. येणाऱ्यांचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी काळ म्हणजे आत असलेल्यांची सरासरी संख्या, हा नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. आत अडकलेली प्रत्येक मागणी मेमरी आणि डेटाबेसची (माहितीसाठ्याची) जोडणी अडवून बसते, त्यामुळे नव्याने येणाऱ्यांना आणखी उशीर होतो.

शिवाय हा उशीर भाराच्या प्रमाणात सावकाश वाढत नाही. एकच खिडकी (इथे सर्व्हर, म्हणजे उत्तर देणारा संगणक) आहे आणि माणसे आगेमागे, कशीही येत आहेत, अशी साधी रांग कल्पिली, तर खिडकी निम्मा वेळ व्यग्र असताना कामाला मुळापेक्षा दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांवर पाचपट, ९० वर दहापट आणि ९५ वर वीसपट. म्हणून ‘सर्व्हर अजून ८० टक्क्यांवरच आहे’ असे कोणी निश्चिंतपणे सांगू लागले की मला काळजी वाटते. या शास्त्राचा पाया संगणकाच्या कितीतरी आधी, १९०९ मध्ये, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग यांनी घातला होता. त्यामुळे हे ज्ञान नवे असल्याने राहून गेले, असेही म्हणता येत नाही.

पान उघडले नाही की आपण सारे पुन्हापुन्हा रीफ्रेश करतो, आणि घरातले चार फोन एकाच बैठक क्रमांकासाठी कामाला लागतात. हा उपद्रव माणसेच करतात असे नाही. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय विस्कळीत झाले, तेव्हा काही बँकांच्या प्रणाली व्यवहारांची स्थिती वारंवार विचारत राहिल्याने भार वाढल्याचे राष्ट्रीय देयक महामंडळाच्या तपासणीत आढळले. त्यानंतर १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच शिल्लक तपासण्याची मर्यादा आली आणि ऑटोपेचे, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप होणारे, व्यवहार गर्दीच्या वेळेबाहेर नेण्यात आले. इथे नुसती यंत्रे वाढवून भागवण्याऐवजी मागणीला शिस्त लावली गेली, हे मला महत्त्वाचे वाटते.

निकालाचे काम तर यूपीआयपेक्षा कितीतरी सोपे आहे. तिथे क्षणाक्षणाला शिल्लक बदलते. इथे दुपारी १ वाजल्यानंतर एकही गुण बदलत नाही. प्रत्येक बैठक क्रमांकाचे पान आदल्या रात्रीच तयार करून ठेवले आणि पानामागे ४ किलोबाइट धरले, तर १५ लाख निकाल सुमारे ६ गिगाबाइटमध्ये मावतात, म्हणजे खिशातल्या पेनड्राइव्हवर. ती पाने ठिकठिकाणच्या सर्व्हरवर आधीच पोहोचवता येतात आणि ऐनवेळी डेटाबेसला हात लावावा लागत नाही. अलीकडे मंडळ अनेक संकेतस्थळे आणि डिजिलॉकरही उपलब्ध करून देते, ही सुधारणा मान्य करायला हवी. मात्र बहुतेकांनी यादीतील पहिलाच दुवा उघडला, तर भार विभागला जात नाही.

माझी मागणी मर्यादित आहे. अशा कामांच्या निविदेत वर्षाची सरासरी न देता सर्वाधिक गर्दीच्या मिनिटाला सेकंदामागे किती मागण्या येतील आणि १०० पैकी ९५ जणांना किती सेकंदांत उत्तर मिळालेच पाहिजे, हे आकडे नमूद असावेत. त्या आकड्याच्या दुप्पट भारावर चाचणी घेऊन तिचा अहवाल निकालाच्या किमान आठवडाभर आधी जाहीर करावा. आणि निकालानंतर त्या दिवशीच्या भाराचा मिनिटागणिक आलेखही प्रसिद्ध करावा, कारण पुढच्या वर्षीचा अंदाज बांधण्यासाठी त्याहून चांगली सामग्री दुसरी नाही.

आपला,
एक निवृत्त संगणक अभियंता, पुणे