दार, फट आणि डॅशबोर्ड: मित्रास पत्र

डिचोली, गोवा
चवथीनंतरचा दुसरा रविवार

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र चवथीच्या आदल्या दिवशी मिळालं. घरात गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधायची धांदल चालली होती, मग गणपती, मग मुंबईहून आलेले पाहुणे. आज शेडमध्ये एकटा बसलोय, बाहेर पाऊस आहे, तेव्हा सविस्तर लिहितो. तू घरी बांधतोयस त्या हॉट रॉडसाठी, म्हणजे जुन्या गाडीच्या भागांवर स्वतः उभारलेल्या उघड्या गाडीसाठी, विचारलंस, पत्रा कुठल्या गेजचा (जाडीचा) घेऊ आणि डॅशबोर्डवर कुठले गेज (मीटर) लावू. माझी गाडी बांधताना दोन्हीकडे मी एकदा चुकलो आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

पत्रा घ्यायला जाशील तेव्हा जाडी मोजायचा व्हर्नियर सोबत ने. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो हे तुला माहीत आहेच, पण वेगवेगळ्या तक्त्यांत एकाच आकड्याची जाडी वेगळी पडते. 16 गेज एका तक्त्यात दीड मिलिमीटर, तर दुसऱ्यात 1.6. म्हणून दुकानात मिलिमीटरमध्येच बोल. मी बाहेरच्या अंगाला 0.9 चा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा वापरला, म्हणजे 20 गेज. फ्लोअर आणि फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पडद्याला) 1.2 चा, म्हणजे 18 गेज. चौरस मीटरला 0.9 चा सात किलोच्या आसपास भरतो, 1.2 चा साडेनऊच्या जवळ. पण वजनापेक्षा महत्त्वाचं म्हणजे 0.9 चा पत्रा हातोडीचं ऐकतो. काउलची, म्हणजे काचेखालच्या पुढच्या भागाची, गोलाई 1.2 मध्ये काढायला गेलास तर खांदे भरून येतील आणि गोलाई यायची ती येणारच नाही. गंजाच्या भीतीने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा मात्र घेऊ नकोस. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो.

गंजाची भीती इथे खरी आहे. जुलैत संध्याकाळी घासून चकचकीत केलेला पत्रा सकाळी तांबूस झालेला असतो. म्हणून एका दिवसात जेवढ्याला एपॉक्सी प्रायमर मारून होईल तेवढाच उघडा करायचा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायला भोकं ठेवायला विसरू नकोस.

पत्र्याचं काम मला एका डेंटरकाकांनी शिकवलं. त्यांचा हात खाणीच्या टिपरांच्या बॉड्या बांधण्यात तयार झालेला. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली-साखळीच्या वाटेवरची कितीतरी गॅरेजं ओस पडली, त्यात त्यांचंही होतं. आता सत्तरीला आलेत, पण माझ्या शेडमध्ये आले की चहासुद्धा नंतर. पंचाचा एक धुतलेला तुकडा तळव्याखाली धरतात आणि दारावरून हात फिरवतात, बोटं नाही, पूर्ण तळवा, आणि तोही डोळे मिटून. नुसती त्वचा पत्र्यावर अडखळते, मधे कापड आलं की हात सरकतो आणि उंचवटा बरोबर कळतो असं त्यांचं म्हणणं. मला सपाट दिसणाऱ्या दारावर त्यांनी खडूने तीन गोल काढले. मग पत्र्यावर रॉकेलचा हात फिरवला आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दाखवलं. तिन्ही ठिकाणी दिव्याची रेघ लचकत होती.

जोड मारताना सलग वेल्डिंग करू नकोस. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मग मधल्या जागा, आणि प्रत्येक वेळी हात लावता येईल इतका गार होऊ दे. ओलं फडकं लावून गार करायचा मोह टाळ. वेल्डची जागा गार होताना आकसते आणि आजूबाजूचा पत्रा ओढून घेते. ती हातोडी आणि डॉलीवर (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) ठोकून परत ताणली की दार सरळ होतं. पुट्टी दोन मिलिमीटरच्या वर जायला लागली की थांब आणि परत हातोडी घे. जाड पुट्टी आज दिसायला छान, पण पुढे तडकते, आणि तड्यातून ओल आत शिरली की पत्रा आतून जातो.

आता माझी मोठी चूक. चासी जीपची, म्हणजे शिडीसारखी, बॉडी वेगळी बसणारी. मी मे महिन्यात बॉडी चासीवर ठेवली तेव्हा चासी मधोमध घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) होती. इंजिन खाली काढलेलं, चाकं भिंतीला टेकवलेली. दोन्ही दारांची फट सगळीकडून 4 मिलिमीटर आली. इतका आनंद झाला की घरच्यांना बोलावून दाखवली. मग अँबॅसेडरचं इसुझू इंजिन आणि गिअरबॉक्स बसवला, चाकं लावली, गाडी खाली उतरवली. दार वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं. वर फट 2, खाली 6. गाडी चाकांवर आली की चासी दोन टोकांना टेकते आणि मधे किंचित वाकते. बॉडीला छप्पर नाही, त्यामुळे काउल आणि मागचा खांब वरून एकमेकांकडे झुकतात. दार कापायची तयारी केली होती मी. काकांनी हात धरला. दाराखालचे मधले माउंट, म्हणजे बॉडी चासीवर टेकते त्या जागा, सैल करून पत्र्याच्या पॅकिंगने तीन मिलिमीटर वर उचलले, आणि फट परत जागेवर आली. दाराला हातही लावावा लागला नाही.

म्हणून तुला कळकळीने सांगतो, गाडी जशी चालणार तशा अवस्थेत ती मोज. इंजिन आत, टाकी अर्धी भरलेली, सीटवर माणसाच्या वजनाची सिमेंटची गोणी. आणि रबर बीडिंग आधी लाव. रबराशिवाय बसवलेलं दार रबर लावल्यावर बाहेर फुगतं, आणि तेव्हा रंग झालेला असतो. क्रम असा धर: पहिलं दार, दाराची मागची कड खांबाशी जुळव, मग काउल, बोनेट शेवटी. बिजागरीचे बोल्ट पक्के झाले की बिजागरीतून आरपार दोन बारीक भोकं पाडून ठेव. रंगासाठी दार काढलंस तर भोकात खिळा घालून ते पुन्हा त्याच जागी येतं.

डॅशबोर्डची गोष्टही तशीच. पहिल्यांदा मी टेबलावर पत्रा ठेवून देखणी रांग लावली. सीटवर बसलो तर स्टिअरिंगच्या कड्याने ऑइल प्रेशर झाकलेलं, आणि दुपारच्या उन्हात क्रोमची रिंग डोळ्यांत चमकत होती. मग जाड पुठ्ठा कापला, कागदाचे गोल चिकटवले, आणि आठवडाभर रोज वेगवेगळ्या वेळी सीटवर बसून बघितलं. शेवटी काळ्या रिंगा, काळी तबकडी, पांढरे आकडे. लहान मीटरांना 52 मिलिमीटरची भोकं. रेसवाल्यांची एक जुनी रीत मला फार आवडली: प्रत्येक मीटर असा फिरवून बसवायचा की सगळं ठीक असताना काटा सरळ वर उभा राहील. आकडे तिरपे दिसतात, पण कुठला काटा कलला हे नजर टाकताच कळतं.

लहान चार मीटर पुरेत: ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान, व्होल्ट, पेट्रोल. ॲमीटर (करंट मोजणारा) घेऊ नकोस. स्टार्टर सोडून बाकी सगळा करंट जाड वायरने डॅशबोर्डपर्यंत आणावा लागतो, आणि ती वायर कुठे घासली तर आग. व्होल्टमीटरला एक बारीक वायर पुरते. इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास आणि चालू असताना 14 च्या जवळ दिसलं की चार्जिंग ठीक. ऑइल प्रेशरही इलेक्ट्रिक घे. साध्या मीटरमध्ये तेलाची नळी थेट केबिनमध्ये येते, आणि ती सुटली तर उकळतं तेल पायावर. गरम इंजिनावर दर हजार आरपीएमला दहा पीएसआय (दाबाचं एकक) असा जुना अंदाज आहे. आपल्याकडचे मीटर बहुधा किलोत (दर चौरस सेंटिमीटरला) असतात, तेव्हा एक किलो म्हणजे चौदा पीएसआय धर.

पेट्रोलच्या मीटरने मला भर काजूच्या बागेत उभं केलं. एका दुकानातून मीटर घेतला, टाकीतली पातळी मीटरला कळवणारा सेंडर दुसरीकडचा. मीटर 10 ते 180 ओहमचा, म्हणजे 180 ला टाकी भरलेली. सेंडर 240 ते 33 चा, म्हणजे 33 ला भरलेली. दोघांची दिशाच उलटी. काटा भरलेल्या खुणेच्या पलीकडे टेकला होता आणि टाकी कोरडी. तू सेंडर टाकीत बसवण्याआधी तरंगता गोळा हाताने वर-खाली कर, मल्टिमीटरवर दोन्ही टोकांचे ओहम वाच आणि तसाच मीटर माग. आणखी एक, ऑइल प्रेशर आणि तापमानाच्या सेंडरच्या आट्यांना टेफलॉन टेप गुंडाळू नकोस. अर्थिंग तिथूनच मिळतं. डॅशबोर्डला रंग लागल्यावर मीटरांचं अर्थिंगही जातं, म्हणून सगळ्यांना मिळून एक वेगळी वायर थेट चासीला ने.

गाडी रस्त्यावर काढायचा विषय तू काढला होतास. रस्त्यावर काढूच नकोस. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 स्पष्ट आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत असा बदल चालणार नाही असंच सांगितलं. मी घरच्या बागेतल्या वाटेवरच चालवतो. हॉट रॉड बांधणारी कॅलिफोर्नियातली पोरं 1932 च्या फोर्डचे मडगार्ड काढून कोरड्या तळ्यांवर जायची ती वेगासाठी. मला आमची दोनशे मीटरची वाट पुरते. संध्याकाळी इंजिन गरम झालं की चारही काटे उभे राहतात आणि दार एका बोटाने मिटतं. तो आवाज तुला प्रत्यक्षच ऐकवायचा आहे.

डिसेंबरात ये. येताना तुझ्या टाकीचा सेंडर आणि दाराची एक बिजागरी पिशवीत टाकून आण, काकांना दाखवू. बोनेटचं लॅच माझं अजून राहिलंय, ते दोघं मिळून लावू.

वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा,
डिचोलीकर मित्र