बोस्टनच्या महापौरांना खुले पत्र: ही पोरं फक्त जुलैत नसतात

माननीय महापौर मिशेल वू यांस,

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहायचं कारण असं की बोस्टनच्या आसपास माझी भाषा बोलणारी बरीच कुटुंबं राहतात आणि त्यांतल्या अनेकांनी रॉक्सबरी, मॅटापॅन या इथल्याच वस्त्यांची नावं फक्त बातम्यांत ऐकली आहेत. मी लिहिते आहे ते त्यांनीही वाचावं, अशी इच्छा आहे. शहर तरुणांना उन्हाळ्यात काही आठवड्यांची पगारी नोकरी देतं; चर्चशी जोडलेल्या तरुण गटांना तसा आधार वर्षभर मिळावा, एवढं मागायला हे पत्र आहे.

मी बोस्टनच्याच डॉर्चेस्टर भागात राहते, हिशेबनीस आहे. सहा वर्षांपासून दर बुधवारी संध्याकाळी जवळच्याच एका कृष्णवर्णीय बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात जाते. मी ख्रिस्ती नाही आणि रविवारी तिकडे फिरकत नाही. तिथल्या तरुणांच्या गटाचा जमाखर्च मी लिहिते, एवढाच माझा त्या चर्चशी संबंध.

गेल्या हिवाळ्यातली एक बैठक सांगते. वर कॉयरची, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाची, तालीम चालली होती, त्यामुळे छतातून पायांचे ठेके ऐकू येत होते. खाली चार घडीची टेबलं, कॉफीचं मोठं स्टीलचं भांडं, भिंतीला चिकटवलेला कागद. कागदावर एकच आकडा होता: ९०० डॉलर. एवढीच शिल्लक उरली होती आणि ती कशावर खर्च करायची हे ठरवायचं होतं. बैठक चालवत होती एकोणीस वर्षांची मुलगी. ती सकाळी औषधांच्या दुकानात काम करते, दुपारी कॉलेजला जाते. बहुतेकांचा कल बास्केटबॉलसाठी हॉल भाड्यानं घेण्याकडे होता. तेव्हा चौदा वर्षांचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, अभ्यासाला येणारी लहान मुलं शाळेतून थेट येतात, त्यांना भूक लागलेली असते, आधी त्यांच्या खाण्याचं बघा. सत्तरी ओलांडलेले एक डीकन, म्हणजे चर्चचे पदाधिकारी, त्याचं बोलणं तोडून काही सांगू लागले. मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, आधी त्याचं पूर्ण होऊ द्या." डीकन थांबले. मुलाचं बोलून झालं, हात वर करून मतं घेतली गेली आणि खाऊ जिंकला.

ज्याला आपण समाजाचं नेतृत्व म्हणतो ते असं घडतं. मला हे ओळखीचं वाटलं, कारण मी नागपूरची आहे. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रात्री अभ्यासिका चालायची. दहावीच्या मुलांना शिकवायला कॉलेजात जाणारी ताई-दादा मंडळी असायची, आणि सतरंज्या कुणी झाडायच्या इथपासून जयंतीची वर्गणी कुणाकडे राहणार इथपर्यंत सगळं तीच ठरवायची. ज्यांना गावानं कुठं बसू दिलं नाही, त्यांनी बसायला स्वतःची जागा उभारली. देव-धर्म हा त्या जागेचा एक भाग होता. दुसरा भाग म्हणजे सभा कशी चालवायची ते शिकणं.

कृष्णवर्णीय चर्चचा इतिहासही काही वेगळा नाही, आणि त्याचा पुरावा तुमच्याच शहरात उभा आहे. बीकन हिल भागातलं आफ्रिकन मीटिंग हाउस हे कृष्णवर्णीयांचं चर्च १८०६ चं. याच वास्तूत १८३२ साली न्यू इंग्लंडची गुलामगिरीविरोधी संस्था स्थापन झाली, तेव्हा पुढाकार घेणारे पत्रकार विल्यम लॉइड गॅरिसन अवघे सव्वीस वर्षांचे होते. गुलामगिरी संपवण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना आमच्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं. पुण्यात बसून त्यांना जे नातं कळलं, ते इथं येऊन राहिलेल्या आम्हा मराठी माणसांना कळायला हवं होतं.

मार्टिन ल्यूथर किंग १९५१ मध्ये बोस्टन विद्यापीठात आले ते बाविसाव्या वर्षी. शिकता शिकता ते रॉक्सबरीच्या ट्वेल्थ बाप्टिस्ट चर्चमध्ये प्रवचन देत. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध मंटगोमेरी शहरातला बस बहिष्कार सुरू झाला तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. २०२३ मध्ये बोस्टन कॉमनवर त्यांचं आणि पत्नी कोरेटांचं शिल्प उभं राहिलं. चांगलं झालं. पण त्या बाविसाव्या वर्षीच्या किंगला आज या शहराकडून काय मिळालं असतं? बहुधा उन्हाळ्यातली काही आठवड्यांची नोकरी, आणि ऑगस्ट संपला की निरोप.

उन्हाळी नोकऱ्यांना मी नावं ठेवत नाही. नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी तुमच्याच शहराची योजना तपासली. सोडत काढून नोकरी मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची त्यांनी तुलना केली. नोकरी मिळालेल्यांवर हिंसक गुन्ह्यांसाठी कोर्टात उभं राहण्याची वेळ पुढच्या सतरा महिन्यांत ३५ टक्क्यांनी कमी आली. काही आठवड्यांच्या पगारानं एवढं होत असेल, तर वर्षभराच्या पगारानं काय होईल याचा विचार व्हायला हवा.

१९९२ चा मे महिना बोस्टन विसरलेलं नाही. मॅटापॅनच्या मॉर्निंग स्टार बाप्टिस्ट चर्चमध्ये एका तरुणाचा अंत्यविधी चालू असताना टोळीतली पोरं आत शिरली आणि भर प्रार्थनेत त्यांनी दुसऱ्या एका तरुणाला भोसकलं. त्यानंतर युजीन रिव्हर्स, रे हॅमंड, जेफ्री ब्राउन आणि इतर पास्टरांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, टेनपॉइंट कोअलिशन ही हिंसा थांबवण्यासाठीची आघाडी उभी केली. शुक्रवारी रात्री ते डॉर्चेस्टरच्या रस्त्यांवर पायी फिरू लागले. ड्रग्ज विकणाऱ्या एका तरुणानं रिव्हर्स यांना सांगितलेली गोष्ट तुम्हीही ऐकली असेल: पोरगं शाळेला निघतं, दुकानात जातं, घरी परततं, तेव्हा कोपऱ्यावर मी असतो, तुम्ही नसता, म्हणून मी जिंकतो. १९९० मध्ये या शहरात दीडशेच्या आसपास खून झाले होते, १९९९ मध्ये तीसच्या आसपास. श्रेय कुणाला किती द्यायचं यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण पास्टर कोपऱ्यावर आले आणि पोरांचं ऐकू लागले, हे तर खरंच.

मात्र तेव्हा बोलणारे, ठरवणारे, मेयरच्या शेजारी उभे राहणारे सगळे पास्टर होते. तरुणांना 'वाचवायचं' होतं. आज माझ्या तळघरातल्या मुलांना कुणी वाचवायला नको आहे, त्यांना काम हवं आहे आणि निर्णयात वाटा हवा आहे. हे मी चर्चवाल्यांनाही सांगते. वडीलधारी माणसं माइक सोडत नाहीत म्हणूनही तरुण रविवारी येईनासे झाले. कार्यक्रमाला खुर्च्या लावायला तरुण आणि मंचावर बसायला आम्ही, असं किती दिवस चालणार?

आता पैशाचं. हा माझा विषय, म्हणून जरा सविस्तर सांगते. अनुदान देणाऱ्या एका संस्थेचा नियम होता की आधी खर्च करा, पावत्या द्या, मग पैसे मिळतील. आमच्या गटाला मुलांना राज्याचं विधिमंडळ दाखवायला न्यायचं होतं. बसचं भाडं वीस वर्षांच्या एका मुलानं स्वतःच्या क्रेडिट कार्डावर भरलं. पैसे परत आले पाच महिन्यांनी. एका पावतीवरची तारीख पुसट होती म्हणून मी कागद तीनदा पाठवले. तोवर कार्डावर चढलेलं व्याज त्यानंच फेडलं, कारण व्याज अनुदानात बसत नव्हतं. मोठ्या संस्थांकडे गंगाजळी असते, त्यांना ही पद्धत जाचत नाही. तळघरातल्या गटाकडे ९०० डॉलर असतात.

म्हणून विनंती अशी. चर्चशी जोडलेल्या तरुण गटांना निम्मी रक्कम आधी द्या. अठरा ते पंचवीस वयाच्या संयोजकांना सप्टेंबर ते जूनही तासांप्रमाणे पगार द्या. पैसा कुठं जावा हे ठरवणाऱ्या समितीत निम्म्या जागा पंचविशीच्या आतल्यांना द्या. याची सवय बोस्टनला आहे. २०१४ मध्ये बारा ते पंचवीस वयाच्या मुलांनी मतदान करून शहराचे दहा लाख डॉलर कुठं घालायचे ते ठरवलं. त्यांनी शाळांसाठी क्रोमबुक लॅपटॉप आणि फ्रँकलिन पार्कमधल्या खेळाच्या जागेची सुधारणा निवडली. उधळपट्टी कुठं दिसते त्यात?

आणि हा पैसा पोलीस खात्याच्या खर्चातून नको. तो त्या वाटेनं आला की मुलांच्या मनात पहिली शंका येते ती आपल्याला खबरी बनवतील का, ही. ती शंका एकदा बसली की बुधवारच्या खुर्च्या रिकाम्या राहतात.

धर्माचा प्रश्न येईल, यायलाच हवा. मॅसॅच्युसेट्सच्या राज्यघटनेनं चर्चला सरकारी पैसा देण्यावर बंधन घातलं आहे. ॲक्टनमधल्या चर्चच्या रंगीत काचांसाठीचं अनुदान राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अडवलं, आणि ते योग्यच होतं असं मला वाटतं. पैसा काचांना नको, वेदीलाही नको. तो वेगळ्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात यावा, हिशेब उघडा असावा, येणाऱ्या मुलाला तू कुठल्या देवाला मानतोस किंवा कुणावर प्रेम करतोस हे कुणी विचारू नये. असे हिशेब ठेवता येतात, मी ठेवते आहे. माझ्यासारख्या परधर्मीय बाईला त्यांनी तिजोरीची किल्ली दिली, त्यावरून त्या तळघराचं दार किती उघडं आहे हे कळावं.

एखाद्या बुधवारी साडेसहाला या. भाषण नको, मागच्या बाकावर बसा. खाऊसाठी उठलेला तो मुलगा आता पंधरा वर्षांचा झाला आहे. जुलैत मिळणारा पगार ऑक्टोबरात का मिळत नाही, हे त्याला तुम्हाला विचारायचं आहे, आणि विसरू नये म्हणून त्यानं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

आपली नम्र,
डॉर्चेस्टरमधील एक मराठी रहिवासी